बोंडल्याची झाडे आणि निरंकाराची राय

शनिवार

बोंडला अभयारण्य गुरुवारी बंद असते, ही गोष्ट गोव्यात पाहुण्यांना फिरवणाऱ्या प्रत्येकाने आधी ध्यानात ठेवावी; कारण खांडेपार आणि उसगाव मागे टाकून डोंगरातल्या वळणांवरून वर चढल्यावर फाटक बंद दिसले, तर आसपास मुलांना रमवण्यासारखे दुसरे फारसे काही नाही. आम्ही जानेवारीतला शनिवार निवडला होता. पावसाळ्यातल्या जळवा गेलेल्या, उन्हाळ्याची तलखी अजून दूर आणि थंडीसाठी आलेले पाहुणे पक्षी मुक्कामाला असलेले, असे हे दिवस असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळाखेरीज येथे मुद्दाम येऊ नये, असे मी कोणालाही सांगेन.

पणजीहून बोंडला सुमारे ५० किलोमीटर. जुने गोवे, बाणस्तारीचा पूल, म्हार्दोळ, फर्मागुढी, फोंडा हा रस्ता गोव्यातल्या वाचकाला पाठ असतो, तेव्हा त्यावर शाई खर्च करीत नाही. गाडीत भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुले आणि मी असे होतो. उसगाव-तिस्क येथे मामा येऊन मिळाले. मामा वाळपईचे. सारी नोकरी त्यांनी सत्तरीतल्या प्राथमिक शाळांतून केली आणि निवृत्त झाल्यापासून चतुर्थीच्या आधी ते गावातल्या मुलांना रानात नेऊन माटोळीचे सामान ओळखायला शिकवतात. गणपतीच्या मखरावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला रानातली व परसातली फळे, फुले, शेंगा, वेली बांधायच्या, ही पद्धत गोव्याबाहेरच्या अनेकांनी पाहिलेली नसते. सत्तरी आणि फोंडा तालुक्यांतल्या काही घरांच्या माटोळीत शेकडो प्रकारच्या वस्तू असतात आणि त्यांतली प्रत्येक कोणत्या डोंगराच्या कोणत्या कुशीत मिळते, हे घरातल्या कोणाला तरी ठाऊक असावे लागते. मामांना झाडे कळतात ती या वाटेने. बोंडल्याला जायचे तर वाघ-बिबट्याच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसापेक्षा असा माणूस बरोबर असावा, असे मला पहिल्यापासून वाटत होते.

बोंडला आकाराने अगदी लहान आहे. १९६९ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्रफळ जेमतेम ८ चौरस किलोमीटर असून चोडण बेटावरचे डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य वगळले, तर गोव्यात याहून लहान अभयारण्य नाही. मोले येथील भगवान महावीर अभयारण्य राष्ट्रीय उद्यानासह सुमारे २४० चौरस किलोमीटरांचे आणि म्हादई अभयारण्य २०८ चौरस किलोमीटरांचे आहे. त्यांच्या शेजारी बोंडल्याचा तुकडा नकाशावर शोधावा लागतो. मात्र मोल्यात किंवा म्हादईत सामान्य माणसाने सकाळी मुलांसह जावे, झाडांची नावे वाचावीत, गवा जवळून पाहावा आणि संध्याकाळी घरी यावे, अशी सोय नाही. बोंडल्यात प्राणिसंग्रहालय, वनस्पती उद्यान, निसर्ग शिक्षण केंद्र, हरणांसाठी राखलेले कुंपणातले रान आणि राहण्यासाठी कुटिरे एका आवारात आहेत आणि त्या सर्वांना वेढून खरे जंगल उभे आहे. लागवडीचे झाड कोठे संपते आणि आपोआप उगवलेले कोठे सुरू होते, ते येथे चटकन सांगता येत नाही. या जागेची सगळी गंमत मला त्यात वाटते.

फाटकातून आत शिरल्यावर बहुतेक गाड्या थेट पिंजऱ्यांकडे धावतात. मामांनी आमची गाडी रस्त्यातच थांबवायला लावली. समोर ऐनाचा, म्हणजे गोव्यात ज्याला माट्टी म्हणतात त्या झाडाचा, जुना बुंधा होता. काळपट राखाडी सालीवर उभ्या-आडव्या खोल भेगा पडून तिचे चौकोनी तुकडे झालेले असतात आणि मगरीच्या पाठीची आठवण होते. "हात लावून बघा," मामा मुलांना म्हणाले, "आणि ही जाडी कशासाठी, ते सांगा." भाच्याने आगीचे नाव घेतले आणि ते बरोबर निघाले, कारण पानगळीच्या रानात उन्हाळी वणवा नेहमीचाच असतो आणि जाड सालीची झाडे त्यातून वाचतात. ऐनाची आणखी एक खोड अशी की, काही झाडे कोरड्या दिवसांत बुंध्यात पाणी साठवून ठेवतात; रानात फिरणाऱ्या लोकांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे आणि बुंध्यावरच्या फुगवट्याला खाच पाडली की पाणी येते, याची नोंद वनखात्यांनीही केलेली आहे. गोव्याचा राज्यवृक्ष म्हणून वर्षानुवर्षे याच झाडाचे नाव सांगितले जात असे. त्याची पाच पंखांची सुकी फळे माटोळीत हवीतच.

पुढे शंभरेक पावलांत आम्हाला ऐनाचा सख्खा भाऊ शोभणारा किंदळ भेटला. जानेवारीत सह्याद्रीच्या या बाजूला उतारांवर जो तांबूस, गंजासारखा रंग पसरलेला दिसतो, तो फुलांचा समजून पर्यटक छायाचित्रे काढतात. ती किंदळाची पंख असलेली फळे असतात. नाण्याचे झाड तर मुलांनी एकदा पाहिल्यावर दिवसभर आपले आपण ओळखले. त्याची साल फिकट, गुळगुळीत आणि कागदी पापुद्र्यांनी सुटणारी, त्यामुळे दाट रानातही त्याचा बुंधा उजळ दिसतो. बेहड्याला इकडे गोटिंग म्हणतात. त्याच्या खाली पडलेली फळे हरणांनी चघळून टाकलेली होती. जांबा, हेदू, सीसम, कुंभा आणि सातवीण ही नावे मामा सांगत गेले आणि भाचीने ती वहीत उतरवून घेतली. वहिनी म्हणाल्या, "शाळेत इतके मन लावून लिहिलेस तर बरे होईल," पण त्यांनी स्वतःही पाकिटातून जुने बिल काढून त्याच्या पाठीमागे चार नावे टिपली होती.

नाण्याच्या शेंड्याकडे पाहत असतानाच शेकरू दिसले. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ एक मीटर लांबीची ही खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. गोव्याच्या रानात ती आहे याचे अप्रूप मात्र गोवेकरांना वाटत नाही. अंगावर तांबूस-तपकिरी आणि फिकट पिवळसर रंग, झुबकेदार शेपूट आणि खाताना मागच्या पायांवर तोल सावरून बसण्याची ढब, यांमुळे ती एकदा नजरेत आली की सुटत नाही. ती जमिनीवर क्वचितच उतरते. उंच फांद्यांच्या बेचक्यांत पाने आणि काटक्या रचून ती गोल घरटी बांधते आणि तीही एकाहून अधिक, त्यामुळे ज्या रानात एका झाडाच्या फांद्या शेजारच्या झाडाला भिडतात तेथेच तिचा निभाव लागतो. रस्ता रुंद करताना दोन्ही बाजूंची झाडे मागे हटवली, तर आपल्याला सावली तेवढी कमी वाटते. शेकरूच्या लेखी मात्र तिचा एकमेव रस्ता तुटलेला असतो.

प्राणिसंग्रहालयात आम्ही उन्हे वर येण्याआधी पोहोचलो, ते योग्य झाले, कारण दुपारी सारे प्राणी आडोसा धरतात आणि मुलांना रिकामी जाळी पाहावी लागते. येथे पाहण्यासारखा मुख्य प्राणी गवा. तो गोव्याचा राज्यप्राणी आहे. पूर्ण वाढलेला नर १,००० किलो वजनापर्यंत जाऊ शकतो, हा आकडा वाचून काही कळत नाही. पाच-सात हातांवरून त्याच्या खांद्याचा उंचवटा आणि मानेची रुंदी पाहिली म्हणजे कळतो. नर जवळजवळ काळा, मादी तपकिरी, आणि दोघांच्याही गुडघ्यांखाली पांढरा रंग. गवा गवतावर जगतो असे मुलांना वाटते, परंतु तो पाने, कोवळे बांबू आणि कोरड्या दिवसांत सागासारख्या झाडांची सालही खातो, म्हणूनच गव्याचे रान टिकवायचे तर नुसती कुरणे पुरत नाहीत. हे मी फलकावर वाचत होते, तेव्हा शेजारी उभे असलेले एक गृहस्थ आपल्या मुलाला "हा जंगली म्हैस बरे का" असे समजावीत होते. मामांना राहवले नाही. त्यांनी अत्यंत नम्रपणे त्या मुलाला शिंगांची ठेवण दाखवली आणि म्हशीची कशी असते ते विचारले. मुलाने बरोबर उत्तर दिले आणि वडीलही हसले.

सांबर हे भारतातले सर्वांत मोठे हरीण. चितळांइतकी त्याला गर्दी जमत नाही, कारण ते रंगाने मळकट आणि स्वभावाने सावध असते. मला तेच अधिक देखणे वाटते. चितळांच्या कळपापुढे मुले रमली, तेथे मी त्यांना सोडले आणि अस्वलाकडे गेले. अस्वलाचा वरचा जबडा नीट पाहिला तर पुढच्या दोन दातांची जागा रिकामी असते. त्या फटीतून श्वास जोराने ओढून ते वारुळातली वाळवी शोषून घेते आणि त्या वेळी धूळ आत जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटते. मामांनी येथे एक दुवा जोडला, जो फलकावर नव्हता. अस्वलाला बाहव्याच्या शेंगांतला गोड गर फार आवडतो. शेंगेतल्या कठीण कवचाच्या बिया त्याच्या पोटातून न पचता बाहेर पडतात आणि तशा बाहेर पडलेल्या बिया अधिक सहज रुजतात. वैशाखात पिवळ्या घोसांनी फुलणारे रानातले बाहवे कोणी लावले, या प्रश्नाचे उत्तर काही अंशी तरी त्या केसाळ प्राण्याकडे जाते. तिथून पुढे प्रत्येक पिंजऱ्यापाशी मुले "हा काय लावतो?" असे विचारू लागली. बिबट्यापाशी मामांना थोडा विचार करावा लागला. "हा लावत नाही," ते शेवटी म्हणाले, "पण हा नसला तर हरणे कोवळे रोप एक शिल्लक ठेवणार नाहीत."

माकडांविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. लाल तोंडाची माकडे आणि काळ्या तोंडाची वानरे दोन्ही येथे मोकळी फिरतात आणि खाण्याच्या टपरीच्या आसपास माकडांची टोळी बसलेली असते. काही मंडळी त्यांना वेफर आणि बिस्किटे देत होती, देताना स्वतःची छायाचित्रे घेत होती आणि नंतर पिशवी हिसकावली गेल्यावर ओरडत होती. माकडांना खायला घालू नये, हे सर्वत्र लिहिलेले असते. रानातली फळे खाऊन बिया दूरवर टाकणारा प्राणी आपण पिशवीवर अवलंबून ठेवतो, तेव्हा त्याच्याबरोबर झाडांचेही नुकसान करतो, एवढे त्या मंडळींना कळले असते तर कदाचित हात आखडला असता. पण सुट्टीच्या दिवशी उपदेश ऐकायला कोणीच येत नाही आणि आम्हीही तो केला नाही. घरून आणलेले उंडे आणि पातळ भाजी आम्ही गाडीतच बसून खाल्ली.

दुपारनंतर वनस्पती उद्यान पाहिले. गुलाबांच्या वाफ्यांपाशी फार वेळ घालवण्याचे मला कारण दिसले नाही; गुलाब पणजीतही मिळतात. औषधी आणि मसाल्याच्या झाडांचा भाग मात्र सावकाश पाहावा. दालचिनीचे कोवळे तांबडे पान, मिरीची वेल, कुड्याची सडपातळ खोडे आणि जायफळाचे गर्द झाड एकाच फेरीत दिसते. कुड्याची साल अतिसारावर आणि सातविणीची तापावर देण्याचा प्रघात कोकणात फार जुना आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १६व्या शतकात गोव्यात येऊन राहिला, येथल्या वैद्यांकडून आणि व्यापाऱ्यांकडून औषधी वनस्पतींची माहिती गोळा करत गेला आणि तिच्यावरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला त्याचे नाव आहे. त्या बागेत आम्ही आयुष्यभर बसलो, पण तो ज्यांच्याविषयी लिहून गेला ती झाडे पाहायला बोंडल्याच्या डोंगरावर यावे लागले.

उद्यानाच्या कडेला भेरली माड उभे आहेत. शेपटासारख्या लोंबणाऱ्या फळांच्या माळांमुळे ते दुरूनच ओळखू येतात. पिकलेली फळे कांडेचोर रात्री खातात आणि बिया रानभर टाकतात. माडाचा विषय निघाला तसे भावाला २०१६ आठवले. त्या वर्षी गोव्याच्या १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन नारळाच्या माडाला वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आले होते आणि गावोगावी संतापाची आणि थट्टेची अशी दुहेरी लाट उसळली होती. २०१७ मध्ये माडाला पुन्हा वृक्षाचे स्थान मिळाले आणि वर राज्यवृक्षाचा मानही. माड हा झाड आहे की नाही, यावर विधानसभेत खल करणारे दुसरे राज्य माझ्या माहितीत नाही.

परतताना ओढ्याजवळच्या फळलेल्या झुडपावर गोव्याचा राज्यपक्षी दिसला. पिवळे अंग, काळे डोके, पांढरट डोळा आणि गळ्यावर माणकासारखा लाल ठिपका असलेला हा बुलबुल पश्चिम घाट आणि दक्षिण भारतातल्या डोंगरांबाहेर आढळत नाही. दुर्बीण भाच्याच्या हातातून भाचीच्या हातात जाईपर्यंत तो उडाला आणि त्यावरून जे भांडण झाले ते गांजे गाव मागे पडेपर्यंत चालले. मुक्काम मामांच्या घरी वाळपईला होता.

रविवार

मामांच्या घरामागे कुळागर आहे. पोफळींच्या उंच रांगा, त्यांवर चढवलेल्या मिरीच्या वेली, मधूनमधून केळी, फणस आणि जायफळ, आणि साऱ्यांना पाणी पुरवणारा डोंगरातून आणलेला पाट, असे हे सत्तरीतले नेहमीचे चित्र. चहा होण्याआधी मामांनी जायफळाचे उललेले फळ दाखवले. फळाची पिवळी साल दुभंगलेली, आत काळसर चकचकीत बी आणि तिच्यावर लाल जाळी, म्हणजे जायपत्री. भाचीने आदल्या दिवशी बोंडल्यात हेच झाड टिपून घेतले होते. हे झाड मूळचे इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचे. "याचा आपल्या मातीतला नातेवाईक बघायचा असेल तर आंघोळी आटपा," असे मामांनी सांगितले, आणि आदल्या दिवसाच्या दमणुकीनंतरही मुले साडेसातला तयार होती.

नानोडे-बांबर येथील निरंकाराची राय हे त्या दिवसाचे ठिकाण होते. वाटेत नगरगावजवळ ब्रह्मकरमळीला थांबलो. तिसवाडीतल्या करमळी गावातून १६व्या शतकात, पोर्तुगिजांच्या धाकाने, गावकऱ्यांनी ब्रह्मदेवाची कदंबकालीन पाषाणमूर्ती येथे आणली. दाढी असलेली ती मूर्ती सुंदर आहे. दर्शन घेऊन आम्ही लगेच निघालो.

गोव्यात देवाच्या नावाने राखलेल्या रानाला राय म्हणतात. तेथले झाड तोडायचे नाही, पडलेले लाकूडही देवाच्या कामाखेरीज उचलायचे नाही, हा नियम मोडण्याची गावातल्या कोणाची छाती होत नाही. निरंकाराच्या रायीत शिरल्यावर पायाखालची जमीन ओली आणि मऊ होते, आणि थोड्या अंतरावर चिखलातून वर आलेली मुळे दिसू लागतात. ती जमिनीतून निघून गुडघ्यासारखी वाकून पुन्हा चिखलात शिरतात. पाण्याखालच्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती श्वासासाठी अशी वर येतात. खाजणातल्या खारफुटीतही अशी सोय दिसते, पण येथे पाणी गोडे आहे आणि समुद्र फार दूर आहे. काही झाडांचे बुंधे तर जमिनीपासून वरच, आधाराच्या मुळांवर तोललेले आहेत. या गोड्या पाण्याच्या दलदलीत वाढणाऱ्या झाडांत रानटी जायफळाच्या कुळातली झाडे प्रमुख असतात आणि अशा दलदली पश्चिम घाटात केरळ, कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला थोड्याच जागी शिल्लक राहिल्या आहेत.

रामपत्री याच कुळातली. जायपत्रीत भेसळ म्हणून आणि स्वतंत्र मसाला म्हणूनही ती बाजारात येते. मामांनी फळे लागण्याची जागा दाखवली. ती उन्हाळ्यात पिकतात. या झाडांची बी मोठी असते आणि फार दिवस तग धरत नाही. गवताचे किंवा बाभळीचे बी वर्षानुवर्षे मातीत पडून राहू शकते, हे बी मात्र वाळले की मेले. ओलसर जमीन मिळाली तर लगेच रुजायचे, नाही तर संपायचे, असा त्याचा व्यवहार आहे. म्हणून एखादी दलदल एकदा आटली किंवा तिचा उतार बदलला, तर रान परत येत नाही. पश्चिम घाटात अशा दलदलींचे पुष्कळ भाग पूर्वीच भातशेतीत आणि सुपारीच्या बागांत गेले. हे मामांनी कोणाला दोष न देता सांगितले. त्यांचे स्वतःचे कुळागरही अशाच पाण्यावर उभे आहे, हे त्यांना चांगले ठाऊक आहे.

इतके मोठे बी आईच्या झाडाखालून दूर नेणार कोण, याचे उत्तर डोक्यावरून ओरडत गेले. मलबारी राखी धनेशाचे ओरडणे कोणी खदखदून हसत असल्यासारखे असते. मुले आधी दचकली आणि मग त्याची नक्कल करत बसली. धनेशाच्या चार जाती पश्चिम घाटात आढळतात. मोठ्या चोचीचा धनेश लाल जाळीसाठी फळ गिळतो, गर पचवतो आणि बी दुसरीकडे टाकतो. त्याच्या घरट्याची पद्धतही मामांनी येथेच सांगितली. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते, चोच बाहेर येईल एवढी फट ठेवून दार लिंपून घेते आणि पिल्ले मोठी होईपर्यंत नर त्या फटीतून फळे पुरवतो. ढोली पडायला झाड जुने आणि रुंद लागते. झाडाला पसरायला धनेश लागतो आणि धनेशाला राहायला म्हातारे झाड लागते. या दोघांपैकी एकाला पिंजऱ्यात किंवा कुंडीत ठेवून हे काम होण्यासारखे नाही. बोंडल्यात आदल्या दिवशी जे तुकड्यातुकड्यांनी पाहिले होते, त्याची जुळणी मला येथे दिसली. वनस्पती उद्यानात झाडाला पाटी असते, प्राणिसंग्रहालयात प्राण्याला पाटी असते, आणि दोघांमधल्या व्यवहाराला मात्र पाटी लावता येत नाही. तरीही बोंडला आधी पाहिल्यावाचून मुलांना रायीत आणले असते, तर चिखल आणि अंधार एवढेच त्यांच्या लक्षात राहिले असते, हेही खरे.

रायीतून बाहेर येऊन ओढ्यात पाय धुताना भाच्याने येथे वाघ आहेत का, असे विचारले. सत्तरीत हा प्रश्न सोपा नाही. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यातल्या गोळावली परिसरात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले सापडले. जनावरे मारली गेल्याचा राग, भरपाईला होणारा उशीर आणि अभयारण्यात आपली वहिवाट जाईल ही भीती, असे सारे त्यामागे होते, असे मामांचे म्हणणे पडले. आणि तरीही ज्या गावांतून वाघाची देव म्हणून पूजा होते त्या मुलखात हे घडावे, याची लाज त्यांच्या बोलण्यातून लपली नाही. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि लगतच्या जंगलांना व्याघ्र राखीव क्षेत्र घोषित करण्याचा आदेश दिला, त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मला स्वतःला असे वाटते की, राय टिकली ती गावाने आपली मानली म्हणून, आणि वाघाच्या बाबतीत गावाला बाजूला ठेवून कागदावर रेषा आखल्या तर त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना वैरच वाढेल; मात्र रेषाच नको म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. मामा आणि भाऊ यावर परतीच्या वाटेत वाळपई येईपर्यंत वाद घालत होते.

घरी मामींनी उकड्या तांदळाचा भात, खतखते आणि सोलकढी तयार ठेवली होती. खतखत्यात तिरफळे होती आणि ती कोणत्या झाडाची, हे भाचीने न विचारता सांगितले, तेव्हा मामांनी तिला चतुर्थीच्या आधी माटोळीच्या मुलांबरोबर रानात येण्याचे आमंत्रण दिले. वहिनींनी शाळेची अडचण सांगून पाहिली. आदल्या रात्री तांबडी सुर्ल्याचे कदंबकालीन महादेव मंदिर पाहून मोल्यामार्गे परतायचे ठरले होते, पण जेवण लांबले आणि तो वळसा दिवसाउजेडी होण्यासारखा नव्हता. चारच्या सुमारास होंडा, साखळी, डिचोली या रस्त्याने आम्ही पणजीकडे निघालो.